सामानाजवळ कोणी बसायचं नाही

हल्ली मला लोक सोपा ट्रेक विचारतात. मला. जो माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या घरी जायला लिफ्टची वाट बघतो, आणि लिफ्ट बंद असली तर खाली वॉचमनशी गप्पा मारत बसतो, त्याला थंडी पडायला लागली की फोन येतात. ‘अरे, आईला घेऊन जायचंय, जास्त चढ नको, पण डोंगरात गेल्यासारखं वाटलं पाहिजे. सांग ना काहीतरी.’ आणि मी सांगतो. गाडी किती वर जाते, सावली कुठे आहे, कुठल्या दगडावर टेकता येतं आणि कुठल्या दगडावर टेकलं की उठवायला दोन माणसं लागतात, हे मी अशा थाटात सांगतो की समोरच्याला वाटावं, या गृहस्थानं सह्याद्री पालथा घातलाय. बायको शेजारी भाजी निवडत ऐकत असते. फोन ठेवला की म्हणते, "झाली बाईंची टेप?"

तिचं बरोबर आहे. हे सगळं बाईंचं. माझं त्यात फक्त धापा टाकणं आहे.

बाई म्हणजे नौपाड्यातल्या आमच्या क्लासमधल्या भूगोलाच्या बाई. शाळेतून रिटायर झाल्यावर त्या आमच्याकडे आल्या. मी तिथे अकरावी-बारावीला बुककीपिंग शिकवायचो, अजूनही शिकवतो. बाई कोणालाही नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. मी बुककीपिंग. माझ्या शेजारी बसायचे ते बीजगणित. "अहो बुककीपिंग, पंखा जरा कमी करा. बीजगणिताचे कागद उडतायत." पहिले काही दिवस मला राग यायचा. मग क्लासच्या मालकांना त्या तोंडावर ‘प्रशासन’ म्हणतात हे ऐकलं आणि बरं वाटलं.

बाईंची उंची बेताची, अंगात कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये दगड. रोज सकाळी त्यातला एक टेबलावर यायचा, तो त्या दिवसाचा दगड. बहुतेक दगड मला सारखेच दिसायचे, म्हणजे काळे. एक मात्र ओळखता यायचा. काळ्या दगडात लांब लांब पांढऱ्या काड्या, खोबऱ्याचे काप पेरल्यासारख्या. मी एकदा त्याच्यावर चहाचा कप ठेवला. बाईंनी कप उचलला, पदरानं दगड पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "साडेसहा कोटी वर्षांत हा उद्योग कोणी केला नव्हता." मी सॉरी म्हटलं. म्हणजे दगडालाच म्हटलं, बाईंची तशी अपेक्षा दिसली.

त्या राहायच्या ठाकुर्लीला, मी डोंबिवलीला, त्यामुळे परतीची वाट बरीचशी एकच. पण बाईंबरोबर घरी जाणं म्हणजे वेळेचं काही खरं नसायचं. आमच्याकडे आता जिकडे तिकडे जुन्या इमारती पाडून टॉवर चाललेत. असा पायाचा खड्डा दिसला की बाई थांबायच्याच. पत्र्याच्या फटीतून आत बघायच्या, आणि मलाही बघायला लावायच्या. आत काळाकभिन्न खडक, त्यावर ब्रेकर चाललेला.

"बघा. लाव्हा."

"हो."

"हो काय? वितळलेला दगड वाहत वाहत इथवर आला, गार झाला, थांबला. त्याच्यावर पुन्हा आला, पुन्हा थांबला. असे थरावर थर. तो थांबला म्हणून तुमची डोंबिवली. तुम्ही लोक लाव्हाच्या डोक्यावर राहता आणि गच्ची गळते म्हणून तक्रार करता."

आमची गच्ची खरंच गळत होती. पण हे बोलायची ती जागा नव्हती.

दर वर्षी दिवाळीनंतर क्लासच्या स्टाफची एक सहल निघायची. बाई यायच्या आधी ती रिसॉर्टला जायची, तिथे आम्ही जेवायचो आणि झोपायचो. माझ्या मते ती सहल उत्तम चालली होती. बाईंनी ती ताब्यात घेतली आणि डोंगरावर नेली. "सोपाच ट्रेक," त्या म्हणाल्या. "अवघड ट्रेक कोणीही ठरवतं. डोंगराकडे बोट दाखवायचं आणि चालायला लागायचं. त्यात कसली अक्कल? सोपा ठरवायला डोकं लागतं."

आणि खरंच, सोपं म्हणजे काय यावर त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. पहिलं म्हणजे चालणं मोजायचंच नाही, बसणं मोजायचं. "चालणं म्हणजे दोन बसण्यांच्या मधली जागा," असं त्या म्हणायच्या. म्हणून त्यांच्या बेतात मैल नसायचे, बैठका असायच्या. उंबराची बैठक, सपाट दगडाची बैठक, पडलेल्या झाडाची बैठक. जिथे निसर्गानं सोय केली नसेल तिथे प्लास्टिकचं स्टूल. दुसरं म्हणजे डोंगर खालूनच चढायचा असतो हे त्यांना मान्य नव्हतं. वरून गाडीरस्ता असेल तर वरून यायचं, कडा तोच दिसतो. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. चढताना बोलत राहायचं. वाक्य पुरं झालं तर चढ सोपा, मधेच तुटलं तर अवघड. ही परीक्षा त्या क्लासच्या जिन्यातच घ्यायच्या. मला पायऱ्यांवर गाठून विचारायच्या, "काय बुककीपिंग, काल काय जेवलात?" आणि मी "वांग्याचं..." म्हणून कठड्याला धरून उभा राहायचो. भरीत वरच्या मजल्यावर पोचल्यावर बाहेर पडायचं. बाई मान हलवून काहीतरी मनाशी टिपायच्या. मला वाटायचं, किती काळजी आहे बाईंना आपली.

त्यांनी नेलेली पहिली सहल मुरबाडच्या अलीकडच्या एका टेकडीवर होती. गाडीतून उतरलो, वर बघितलं आणि मी लगेच माझी नेहमीची युक्ती काढली. लहानपणापासून मी ती वापरत आलोय आणि ती कधी फसली नव्हती. झाडाखाली बैठक मारली, सगळ्यांच्या पिशव्या जवळ ओढून घेतल्या आणि अत्यंत त्यागी चेहरा करून म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. मी सामानाजवळ बसतो."

आपल्याकडे ही पोस्ट फार मानाची आहे. देवळात जा, समुद्रावर जा, किल्ल्यावर जा, एकानं सामानाजवळ बसायचं असतं, आणि जो बसतो त्याला बाकीचे येताना भेळ आणतात. बीजगणित मला थँक यू म्हणालेही. पण बाई मागे फिरल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं मी दगडावर पुन्हा कप ठेवलाय.

"माझ्या सहलीत सामानाजवळ कोणी बसायचं नाही," त्या म्हणाल्या. आणि खाली वाकून एकेक पिशवी उचलून ज्याच्या त्याच्या हातात द्यायला लागल्या. ज्याला आपली पिशवी झेपत नाही त्यानं ती रिकामी करावी, म्हणाल्या. माझी पिशवी सगळ्यात जड निघाली. तिच्यात खायचं होतं. ते सगळ्यांनी तिथेच उभ्या उभ्या संपवलं आणि मला वर निघावं लागलं.

दुसऱ्या बैठकीच्या पुढे माझं वाक्य तर सोडाच, अक्षरही फुटेना. तिसरी बैठक म्हणजे वाटेतला एक रुंद काळा खडक होता, तिथे मी बसलो आणि आता मेलो तरी हलणार नाही असं खुणेनं सांगितलं. टेकडीचा माथा समोर दिसत होता. बाईंनी माझ्याकडे बघितलं, माथ्याकडे बघितलं, खांद्यावरून शबनम काढली.

"आजचं शिखर हे," त्या म्हणाल्या. "डबे काढा."

"अहो बाई, शिखर वर आहे," बीजगणित म्हणाले.

"शेवटचा माणूस पोचतो तिथे शिखर. वर आहे ते टोक."

अशा रीतीनं पुढची काही वर्षं नौपाड्यातल्या एका नामांकित क्लासचा अख्खा शिक्षकवर्ग माझ्यामुळे कुठल्याही डोंगराच्या माथ्यावर पोचला नाही. बीजगणितांनी नवे बूट घेतले होते, ते माझ्या दमण्याच्या आतच राहिले. एकदा ते मला म्हणालेही, "अरे, तू घरीच का थांबत नाहीस रे?" मी ते बाईंना सांगितलं. मी आलो नाही तर सहल रद्द, असं बाईंनी जाहीर केलं. तेव्हा तर माझी खात्रीच पटली. या बाईंना माझ्यात काहीतरी दिसलंय. मी घरी बायकोला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "पोट दिसलं असेल."

खरं काय ते मला ठाकुर्लीला कळलं. तपासलेले पेपर द्यायला मी बाईंच्या घरी गेलेलो. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खालपासून दारापर्यंत दगडच दगड. खिडकीशी खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, बाईंपेक्षा थोराड, डोळे तेच. एका पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, बाजूला टेकवलेली काठी. त्या बाईंच्या मोठ्या बहीण. लहानपणी पोलिओ झालेला. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून रिटायर झालेल्या. दोघी बहिणी लग्नाच्या भानगडीत न पडता जन्मभर एकत्र राहिलेल्या.

"या," ताई म्हणाल्या. आवाज ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या माणसासारखा स्पष्ट. "तुम्ही बुककीपिंग ना? बसा. तुम्ही बसता हे मला माहीत आहे."

मी बसलो.

"कितवी बैठक गाठलीत या वर्षी?"

"चौथी," मी म्हटलं. थोडा अभिमानच होता.

"मग मलाही जमेल," ताई म्हणाल्या आणि आत हाक मारली, "अगं ए मास्तरीण, हे चौथीपर्यंत गेले म्हणतायत. खरं का?"

बाई आतून चहाचे कप घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईंना ताईंना डोंगरावर न्यायचं होतं. पण आधी अंदाज घ्यायला कोणीतरी लागतो. धडधाकट माणूस उपयोगाचा नाही. दोन पाय असून ज्याला चालता येत नाही असा हवा. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात त्यांना मी सापडलो होतो. मी जिथे बसेन तिथे ताई बसतील, मी जिथे पोचेन तिथे ताई पोचतील. मी त्यांचा मापाचा माणूस होतो. शिंपी नाही का एक जुनं झंपर मागून घेत, मापाला.

"वाईट वाटलं का?" ताईंनी विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं. वाटलं होतं.

मग ताईंनी मला लेण्यांची गोष्ट सांगितली. बाई समोरच बसून ऐकत होत्या. दोघी लहान असताना वडील त्यांना जुन्नरला लेणी बघायला घेऊन गेले. बरोबर सगळा नात्यातला गोतावळा. लेणी उंचावर, पायऱ्याच पायऱ्या. ताईंना खाली झाडाखाली बसवलं. भोवती सगळ्यांच्या पिशव्या, चपला, पाण्याची कळशी. माणसं वर गेली आणि ताई चपला राखत बसल्या.

"ही सगळ्यात आधी धावत खाली आली," ताई म्हणाल्या. "मी विचारलं, काय होतं गं वर? तर म्हणाली, काही नाही गं. नुसते दगड."

"मी तेव्हा चौथीत पण नव्हते," बाई म्हणाल्या.

"नुसते दगड म्हणाली, आणि मग जन्मभर तेच घरात आणून टाकले. झाडू मारायला जागा नाही."

ताई हसल्या, मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या तेव्हा वाटेत म्हणाल्या, "वर फार सुंदर होतं हो. बाहेर रणरणतं ऊन आणि आत गारवा. डोंगर आतून कोरून एवढं मोठं दालन केलेलं. बुद्धवंदना म्हटली तर आवाज वर जाऊन फिरून आपल्याकडे यायचा. मी रडले, एवढं सुंदर होतं. आणि खाली ही एकटी चपलांमध्ये बसलेली. तिला ते कसं सांगणार? म्हणून म्हटलं, नुसते दगड." मग थोडं चालून, "तिला खरं वाटलं नाही. पण तिनं मला पुन्हा कधी विचारलंही नाही. अजूनपर्यंत कुठेही जाऊन आले तर विचारत नाही, वर काय होतं म्हणून. बैठका विचारते."

मी रिक्षात बसलो. पण त्या दिवसापासून मी क्लासचा जिना चढताना कोणी विचारलं नाही तरी बोलत चढायला लागलो. मुलांना वाटलं, सर फोनवर आहेत.

मग ती वेळ आली. बाईंची इमारतही पाडायला निघाली. दोघींनी नाशिकला भाच्याकडे जायचं ठरलं, कायमचं. भाचा चांगला, पण घर सातव्या मजल्यावर, आणि तो ताईंना जपणार म्हणजे घराबाहेर पडू देणार नाही हे उघड होतं. ताईंचा चांगला पायही आता कुरकुरायला लागला होता. "या थंडीत नाही तर मग नाही," बाई म्हणाल्या. स्टाफची सहल वगैरे काही नाही. ताई, बाई आणि मी. मी मापाला.

जागा बाईंनी केव्हाच ठरवली होती. माळशेज घाट गाडीनं चढून गेलं की वर पठार आहे. रस्ता सोडला की त्यावरून एक वाट कड्याच्या टोकाशी जाते. चढ जवळजवळ नाहीच. टोकाशी उभं राहिलं की समोरची डोंगराची अख्खी भिंत दिसते, लाव्हाचे थर एकावर एक, आणि खाली कोकण. तो खोबऱ्याच्या कापांचा दगड तिथलाच. बाईंनी बैठका ठरवल्या होत्या, उंबर, सपाट दगड, पडकी मेर, म्हणजे शेताचा जुना दगडी बांध, आणि मग कडा. शेवटच्या टप्प्यात वाट जरा अरुंद, एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला दरी, तिथे एकानं ताईंच्या बाजूनं चालायचं. ती बाजू अर्थात बाईंची.

आणि मग बाईंनी जे केलं ते फक्त बाईच करू जाणे. माझ्या मापावर आता त्यांचा विश्वास राहिला नव्हता. "तुमचा गुडघा वाकतो," त्या मला म्हणाल्या, अगदी फसवणूक केल्यासारखं. ताईंचा कॅलिपरमुळे वाकत नाही. मग वाकत नसलेल्या गुडघ्यानं ती वाट कशी लागते हे कळणार कसं? एका संध्याकाळी मी ठाकुर्लीच्या पुलाच्या चढावर बाईंना बघितलं. फळ्यावर रेघा मारायची लाकडी लांब पट्टी गुडघ्याच्या मागे लावून ओढणीनं घट्ट बांधलेली, साडीतून तिचं टोक बाहेर आलेलं, आणि बाई तो पाय काठीसारखा पुढे टाकत पूल चढत होत्या. रिक्षावाले रिक्षा हळू करून बघत होते.

"बाई, हे काय?"

"बोलत राहा," बाई म्हणाल्या. "मला वाक्य तुटतंय का बघायचंय."

एवढ्यावर भागलं नाही. कल्याणहून एसटी पकडून त्या माळशेजला गेल्या आणि ती वाट तशी पट्टी बांधून चालून आल्या. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दर खेपेला कुठला दगड आडवा येतो ते बघून यायच्या आणि शक्य असेल तो बाजूला करून यायच्या. मी म्हटलं, पुरे आता. त्या म्हणाल्या, "तुम्हाला आयतं शिखर मिळायची सवय आहे."

ठरल्या दिवशी आम्ही भाड्याच्या गाडीनं निघालो. ताईंनी नवी साडी नेसलेली. मुरबाड गेलं, घाट लागला, ताई काच खाली करून बसल्या. पठारावर गाडी थांबली. ड्रायव्हर गाडीत राहिला, आम्ही निघालो. ताईंचा पाय पुढे पडायचा, मग काठी, मग दुसरा पाय. त्यांच्या मागे बाई, मागे स्टूल आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन मी. उंबराची बैठक झाली. सपाट दगडाची झाली. ताई चालता चालता एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगत होत्या आणि एकही वाक्य तुटत नव्हतं. सगळं बाईंच्या बेताप्रमाणे चाललं होतं. पडक्या मेरेपाशी बसलो, पाणी प्यायलो. ताई उठल्या, मी उठलो. बाई उठल्या नाहीत.

"काय गं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. व्हा पुढे. येतेच."

त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि परत बसल्या. चेहरा पांढरा पडला होता. ताई काठी टेकत परत आल्या आणि त्यांनी बाईंची साडी घोट्यापासून वर केली. गुडघा सुजून टम्म झाला होता.

"रोज हळद लावत होतीस," ताई म्हणाल्या. "मला वास येत नव्हता का? मला वाटलं, स्वयंपाकाची."

जन्मभर सगळ्यांच्या गुडघ्यांचा विचार करणाऱ्या या बाईनं स्वतःचा एक गुडघा बेतात धरलाच नव्हता. कडा समोर दिसत होता. फार लांब नव्हता. पण बाईंना एक पाऊल टाकता येत नव्हतं.

ताईंनी काठी मेरेला टेकवली आणि स्टूलवर बसल्या. "ठीक आहे. आजचं शिखर हे. डबे काढा."

"ताई, ऊठ."

"शेवटचा माणूस पोचतो तिथे शिखर. नियम तुझा आहे."

"माझा आहे ना? मग मी मोडते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांत मी तो कधी तसा ऐकला नव्हता. "मी एवढी वर्षं हे कशासाठी केलं गं? इथे बसून थालीपीठ खायला? ऊठ."

"तुला सोडून नाही जायची."

"मी तुला सोडून गेले होते," बाई म्हणाल्या.

मला काही सुचत नाही तेव्हा माझ्या तोंडून जे आपोआप निघतं तेच निघालं. "असं करा ना," मी म्हटलं, "तुम्ही दोघी काय ते ठरवा. मी सामानाजवळ..."

दोघींनी माझ्याकडे बघितलं.

"बुककीपिंग," बाई म्हणाल्या, "सामान इकडे द्या."

मी स्टूल सोडून सगळं दिलं. बाईंनी त्या पिशव्या, बाटल्या, डबा, छत्री, माझा स्वेटर, सगळं आपल्या भोवती नीट लावून घेतलं. मग पदर डोक्यावरून घेतला. "जा," त्या म्हणाल्या. "आणि तिच्या बाजूनं चाला. बाहेरच्या अंगाला तुम्ही."

मला उंचीची भीती वाटते हे मी बाईंना कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती, कारण मी कधी उंचीवर पोचलोच नव्हतो. त्या अरुंद वाटेवर आलो, उजवीकडची जमीन संपली आणि मी ताईंच्या जवळ सरकलो. ताई माझ्या आधारानं चालायच्या होत्या. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी त्यांचा दंड धरलाय आणि त्या मला नेतायत.

"काल काय जेवलात?" ताईंनी विचारलं.

"पाव..."

"पावभाजी का? खाली बघू नका. माझ्या पायाकडे बघा. मी टाकते तसा टाका."

मी लोखंडी पट्ट्यांच्या त्या बुटाकडे बघत बघत गेलो आणि तो थांबला तेव्हा थांबलो. कडा आला होता. सुरक्षित अंतरावर एक मोठा काळा खडक होता, त्याला टेकून ताई उभ्या राहिल्या. मी बसलो.

समोरची भिंत उन्हात होती. पायऱ्या पायऱ्यांची, वरपासून खालपर्यंत, आणि खाली गावं, शेतं, एक तळं चकाकणारं. मी म्हटलं, काहीतरी माहिती सांगावी. "हे ताई, सगळं पाण्यानं..."

"लाव्हानं," ताई म्हणाल्या. "ती तांबडी रेघ दिसते का मधे? तिथे तो थांबला होता. बराच काळ. माती झाली, झाडं आली असतील. मग परत आला." त्या बोट हवेत फिरवत एकेक थर दाखवत गेल्या. कधी न बघितलेलं सगळं त्यांना पाठ होतं. घरी संध्याकाळी बाई दगड पुसत बोलायच्या, ताई भाजी चिरत ऐकायच्या. त्यांनी विचारलं कधीच नसेल. ऐकलं मात्र सगळं होतं.

मग त्यांनी टेकलेल्या खडकावरून हात फिरवला आणि एकदम मागे बघितलं. काळ्या खडकात पांढरे लांब लांब काप. घरातल्या दगडासारखेच, पण अख्खा खडकभर. ताई त्यावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. किती वेळ, मला माहीत नाही. मी घाई केली नाही. त्या रडल्या नाहीत. मी रडलो. मला बाई शेजारी हव्या होत्या.

आम्ही परत आलो तेव्हा बाई तिथेच होत्या. भोवती सामान, डोक्यावर पदर, मान उंच करून वाटेकडे लागलेले डोळे. तिथून त्यांना कडा दिसत नव्हता, फक्त आम्ही गेलेलो तेवढी वाट दिसत होती. त्या तिकडेच बघत बसल्या असणार. आम्ही दिसल्यावर त्यांनी पदर नीट केला आणि काही झालं नाही असा चेहरा केला. पण ताई जवळ येईपर्यंत त्यांना धीर धरवला नाही.

"काय होतं गं?"

ताई सावकाश स्टूलवर बसल्या. काठी बाजूला ठेवली. बाटली उघडून पाणी प्यायल्या, झाकण घट्ट लावलं. मग बहिणीकडे बघितलं.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "नुसते दगड."

बाईंनी त्यांच्या हाताकडे बघितलं. ताईंच्या तळव्याला खडकाची काळी पूड लागलेली होती. बाईंनी तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि तसाच धरून ठेवला. मग दुसऱ्या हातानं पिशव्या जरा सरकवल्या, माझ्यासाठी जागा केली, आणि आम्ही तिघंही सामानाजवळ बसलो.